कोरी गाडी

यवतमाळ
२४ ऑगस्ट २०२५

ती. कुंदाताईस,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र परत शिट्ट्या मारतंय आणि फोनवर माझा आवाज कोंबडा आरवल्यासारखा येतो, हे मी स्वयंपाकाच्या मथुराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आवाज तं तसाच हाये साहेब, यंत्राले कायले दोष देता. तेव्हा आपली पत्रंच बरी. तुझं अक्षर अजून शाळेच्या फळ्यावर असायचं तसं आहे, आणि माझं डॉक्टरी अक्षर तुझ्याखेरीज कुणाला लागत नाही.

आता मुद्द्याचं. गाडी बदलावी की नाही, या एका प्रश्नाने महिनाभर डोकं खाल्लंय. पांढरी गाडी पाच वर्षांची झाली. त्याच जर्मन कंपनीची नवी एसयूव्ही आली आहे. साडेचार सेकंदांत शंभरचा वेग! खड्डा आला की गाडी स्वतःच अंग उचलून घेते. सीट थंड होतात, गरम होतात, पाठ चेपून देतात. हाडांचा डॉक्टर म्हणून सांगतो, माझ्या अर्ध्या पेशंटांना गोळ्यांऐवजी ती सीटच लिहून द्यावी. सलीलला विचारलं. गाडी जिथे बनते त्याच देशात चिरंजीव राहतात, तेव्हा त्यांचं मत घ्यायला हवं. एका ओळीत उत्तर आलं, की बाबा, घेऊन टाका, विचार कसला करता.

नागपूरच्या शोरूममधली मिताली नावाची मुलगी दोनदा ती गाडी घेऊन यवतमाळला आली. लोहाऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिली, मग घरी चहा झाला. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. कधी मागच्या दिव्यांचं सांगते, कधी छताच्या काचेचं. मी शंका काढतो, ती उत्तर शोधून परत फोन करते. परवा आम्ही नुसत्या चाकांवर अर्धा तास बोललो. संध्याकाळची ओपीडी बंद केल्यापासून मला वेळ असतो, आणि मुलगी हुशार आहे.

जुन्या गाडीत दोष म्हणावा असा नाहीच. फक्त बाजारातून येताना भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, की गाडीला वाटतं माणूस बसलंय, आणि पट्टा लावा म्हणून ती घंटी वाजवत सुटते. अनघा असताना हे कधी कळलंच नाही. हल्ली मी पिशवीला पट्टा लावतो. तूच सांग, बदलू का?

बाकी क्षेम. लोभ आहे तसा राहू दे, सल्ला मात्र लवकर धाड.

तुझा,
वामन


घाटंजी
३० ऑगस्ट २०२५

चि. वामनास,
कुंदाताईचे अ. उ. आशीर्वाद.

गाडीचे गुण वाचले. साडेचार सेकंदांत शंभर, ठीक, पण पाचव्या सेकंदाला काय करणार? लोहाऱ्याच्या चौकात ट्रक आडवा उभा असतो. आपलं शेत पाहतो त्या देवसिंगला सांगितलं, तर म्हणाला, बाई, साहेबाले एवढी कोनती घाई होऊन राह्यली? मलाही तोच प्रश्न पडला. घाटंजी तुझ्यापासून तासाभरावर आहे आणि अनघा गेल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस. वर्षश्राद्धाला मीच एसटीने आले. तेव्हा वेग गाडीत असतो, हे काही मला पटत नाही.

रागावून लिहीत नाही. इथे तरी कोण आहे? पावसाने सोयाबीन काळं पडतंय, ते बघायला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाते. देवसिंगशी चार शब्द होतात, त्यातले दोन मला ऐकू येतात. घरी येऊन दोन पोळ्या लाटते, त्यातली एक सकाळी गाईला जाते. हे गेल्यापासून असंच चाललंय. तुला यायला जड का जातं ते मला कळतं. इथे आलास की रडशील, म्हणून येत नाहीस. रडलास तर बिघडलं कुठे? मला नाहीतरी ऐकू येत नाही.

तिकडून गाडी येते आणि मुलगा येत नाही, हा कसला व्यापार, ते मी सलीलला लिहिणारच आहे. हौस असेल तर गाडी जरूर घे. अनघा आधी कुरकुरली असती आणि मग तिनेच रंग ठरवला असता. पण पिशवीला पट्टा लावावा लागतो म्हणून घेऊ नकोस. नव्या गाडीलाही डावीकडे सीट असणार, आणि तीही घंटी वाजवणार.

आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत मी. तुझ्या पत्रात गाडीइतकंच त्या मितालीच्या फोनचं वर्णन आहे. पोरीला पोटापाण्याचं काम आहे, तिला ताटकळत ठेवू नकोस.

जेवत जा वेळेवर. मायेत काही कमी नाही, ती पोस्टाने किती धाडायची एवढाच प्रश्न.

तुझी,
कुंदाताई


यवतमाळ
१४ सप्टेंबर २०२५

ती. कुंदाताईस,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

गाडी बुक केली. पितृपक्षात केली म्हणून कपाळाला हात लावशील, पण आधी ऐकून घे.

उत्तरपत्रिका तू बरोबर तपासलीस. गेल्या रविवारी मिताली म्हणाली, सर, घ्यायची नसंल तं मोकळं सांगा, मले बी वरून विचारून राह्यले. एरवी ती शोरूमची इस्त्रीची मराठी बोलते. त्या दिवशी घरच्यासारखं बोलली आणि मला शरम वाटली. खरं सांगतो ताई, एकदा ठरवलं की तिचे फोन बंद होतील, म्हणून मी ठरवत नव्हतो. रविवारी अकराला दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही. तिला तिष्ठत ठेवलं ते गाडीसाठी नव्हे. त्याच फोनवर हो म्हणून टाकलं.

नवरात्रापासून मोठ्या गाड्यांवरचा कर उतरतोय, म्हणून ताबा दसऱ्याला घ्यायचा ठरलाय. तिथे समारंभ असतो म्हणे. गाडीवर मखमली कापड, हार, केक, फोटो, घरच्यांना बसायला सजवलेल्या खुर्च्या. घरचे किती जण येतील, असं तिने विचारलं. मी पाच म्हणालो. पाच कोण, हे मलाही ठाऊक नाही. एक म्हणायला जीभ वळली नाही एवढंच.

सलीलला सुटी मिळत नाही. उद्या अविधवा नवमी. अनघाच्या नावाने सवाष्ण म्हणून मथुराबाई जेवायला बसेल, आणि स्वयंपाकही तीच करेल, म्हणजे घरात किती माणसं आहेत ते बघ. तेव्हा दसऱ्याला तू यायचंस. आदल्या दिवशी मी जुनी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. नव्या गाडीला औक्षण तुझ्या हातून व्हावं, अशी फार इच्छा आहे. पाचातले दोन तरी खरे होतील.

नाही म्हणू नकोस. मोठी आहेस, म्हणून हट्ट करतोय.

तुझा,
वामन


घाटंजी
२० सप्टेंबर २०२५

चि. वामनास,
कुंदाताईचे अ. उ. आशीर्वाद.

मी येणार नाही. आजारी नाही, रागावलेलीही नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

पाच वर्षांपूर्वी तुझी पांढरी गाडी आली, तेव्हा ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सगळे अंगणात होते आणि मी मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी. विधवेने नव्या वस्तूला ओवाळायचं नसतं, हे कुणी सांगावं लागत नाही. अनघाने येऊन माझा हात धरला, ओढत पुढे नेलं, तबक हातात दिलं आणि म्हणाली, ताई, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला. मी ओवाळलं. गाडीला, तुला आणि तिला. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, काय सांगू तुला. पुढे तिचा आजार निघाला आणि ती गेलीच.

मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, बक्षिसं दिली. मला सगळं कळतं. पण घरात एकटी बसले की तबक धरलेला माझाच हात डोळ्यांपुढे येतो. तो आधी माझ्या कुंकवावर आला, मग तिच्यावर. आता माझ्या पाठचा तू एकटाच उरलास. तुझ्यावरून हा हात मी फिरवणार नाही. तू हसशील, हस. तू हसत राहावंस म्हणूनच येत नाही.

मितालीकडून ओवाळून घे. गुणी दिसते पोर. दसऱ्याला मी इथे देवापाशी दिवा लावीन. तूर बरी आहे, माझी काळजी करू नकोस.

दुरून का होईना, आशीर्वाद तुझाच आहे.

कुंदाताई


यवतमाळ
५ ऑक्टोबर २०२५

ती. कुंदाताईस,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

गाडी आणली. शोरूमच्या दारात फलकावर माझं नाव आणि पुढे सहपरिवार असं लिहिलं होतं. पाच खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या कापडाच्या, मागे लाल रिबिनीची गाठ. मी सांगितलं, घरचे घाटंजीकडच्या पावसात अडकले. मितालीने चार खुर्च्या आत न्यायला लावल्या. मग फारच मोकळं दिसायला लागलं, म्हणून एक परत आणून स्वतः बसली. केक कापला. फोटोत शोरूमची माणसं माझ्या आजूबाजूला उभी राहिली. सलीलला फोटो पाठवला, तर त्याने विचारलं, हे कोण लोक आहेत बाबा? मी म्हणालो, मित्र.

पांढरी गाडी तिथेच ठेवून आलो. मिताली तबक घेऊन आली तेव्हा मी नको म्हणालो. नारळही नको, चाकाखाली लिंबूही नको. देवळीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. ते साडेचार सेकंदांचं काय ते करून पाहिलं. झालं. मग यवतमाळपर्यंत नुसती गाडी चालवायची होती.

दसऱ्याला गावात रिक्षापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार होते. मथुराबाई म्हणाली, मी ओवाळतो न साहेब, अशी उघडीबोडकी काहून ठेवता? तिलाही नको म्हणालो. तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये कोरी उभी आहे आणि मी दवाखान्यात रिक्षाने जातो. लोक हसतात, हसू देत.

आता तुझ्या पत्राविषयी. मी ते फाडलेलं नाही. अनघाचे सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचले आहेत, पहिल्या सोनोग्राफीपासून अखेरपर्यंत. त्यात तुझं नाव कुठेही नाही. हे डॉक्टर म्हणून. भाऊ म्हणून सांगायचं, तर माझं वाईट होऊ नये म्हणून तू लांब राहिलीस, आणि त्या खुर्च्यांपाशी बसून मला वाटलं, आणखी वाईट काय व्हायचं असतं? मला फार एकटं वाटतं गं ताई. हे मी कुणाला म्हटलेलं नाही. सलीलला म्हटलं तर तो घाबरेल.

गाडीला हात लागायचा तर तुझाच. नसेल जमत तर राहू दे उभी. तिला खायला थोडंच लागतं.

तुझ्या मायेचा धनी,
वामन


घाटंजी
११ ऑक्टोबर २०२५

चि. वामनास,
कुंदाताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून देवापाशी ठेवलं, मग उचलून परत वाचलं. असं दोन दिवस चाललं. देवसिंग म्हणाला, बाई, जेवल्या काहून नाही?

ऐक. तेवीस तारखेला भाऊबीज आहे. त्या दिवशी बहीण सवाष्ण की विधवा, हे कुणी विचारत नाही. आणि मी विचार केला, भ्यायचं तर कुणाला भ्यायचं? त्या दिवशी यम स्वतः बहिणीकडे जेवायला गेलेला असतो. म्हणजे कामावर नसतो.

तेव्हा त्या दिवशी ये. गाडी कोरीच घेऊन ये, वाटेत कुणाला हार घालू देऊ नकोस. आधी तुला ओवाळीन, मग गाडीला. भीती गेली असं खोटं लिहीत नाही. हात कापेल माझा, तबकातलं निरांजनही हलेल. हलू दे. तू तिथे एकटा बसून राहिलास याची भीती त्याहून मोठी आहे, हे मला तुझं पत्र येईपर्यंत समजलंच नव्हतं.

सकाळीच नीघ. मुक्कामाचे कपडे आण. लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता समोर बसून कर.

तुझीच,
कुंदाताई