गोष्टीतली सासू

नेकनूर, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

माझ्या कथेतल्या सासू-सुना भांडून बसल्यात आणि महिनाभर शेवट सुचत नाहीये. आज गंमत म्हणून मोबाइलमधल्या एआयला कथा दिली, म्हटलं, कर पूर्ण. त्यानं सासूला लगेच चहा करायला लावला. डोळे पुसत ती सुनेच्या हातात कप देते, झालं. इतकं गुळगुळीत... तरी मी दोनदा वाचलं. का बरं?

शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंना वाचून दाखवलं. कुणी लिहिलंय ते सांगितलं नाही. त्या हसल्या. "एवढं भांडून कोण हातात चहा देतंय?"

"मग चहा काढून टाकू?"

"न्हाई, चहा राहू दे. पर हातात नको. करून झाकून ठेवती अन् आपली निघून जाती, असं लिही."

मी शाळेत शिकवून येते तेव्हा ओट्यावर रोज एक कप झाकलेला असतो. आमचा अबोला असतो तेव्हाही. उरलेला असेल, असंच वाटायचं.

एआयला हे सुचलं नाही, यात नवल काय? मला तरी कुठं सुचलं होतं.