संघटनेत नाव घातलं तेव्हा

१२ जाने.
आज परत तेच. डबा खाताना फिजिओचे पाटील सर म्हणाले, "तुमचं बरंय मॅडम. पेशंटबरोबर कॅरम खेळायचा नि घरी जायचं." मीही हसले. नंतर स्वतःचाच राग आला. रिक्रिएशन थेरपी म्हणजे काय, हे आमच्या पुनर्वसन केंद्रात मलाच धड सांगता येत नाही. सोलापुरात हे काम करणारं दुसरं कुणी माहीत नाही. विचारणार कुणाला?
केंद्राच्या प्रमुख, मोठ्या मॅडमना माझी खोली मशिनींसाठी हवीय. "बघू उन्हाळ्यात," म्हणाल्या.

१५ जाने.
नरसय्या मामा. अर्धांगवायू, डावी बाजू गेलेली. जन्म कापड विणण्यात, मागावर गेला. आज चेंडू हातात दिला तर उजव्या हाताने भिंतीवर भिरकावला. "वद्दु!" म्हणजे त्यांच्या तेलुगूत नको. आले तेव्हापासून एवढंच बोलतात.
बायको राजम्मा म्हणाली, "घरीबी असंच हाय म्याडम. भिंतीकडं तोंड करून पडत्यात."
कुर्डुवाडीच्या शाळेतली शिक्षिकेची जागा अजून रिकामी आहे. दादा म्हणतो, हे सोड नि ती घेऊन टाक.

२० जाने.
पुण्याची शबाना, कॉलेजातली, किती दिवस मागे लागली होती. आमच्या थेरपिस्टांच्या संघटनेत ये. मला वाटायचं, असल्या ठिकाणी शाल, नारळ आणि भाषणं. आज घातलं एकदाचं नाव. बघू.

२७ जाने.
संघटनेची पहिली ऑनलाइन बैठक. मी गप्पच बसणार होते, पण शबानाने नाव पुकारलं. चेंडूची गोष्ट सांगितली. अमरावतीचे एकजण म्हणाले, "मला तर सोंगटी लागली होती, कपाळावर." सगळे हसले. मीही. या कामावर कुणाबरोबर हसले, असं आठवत नाही.
मग नाशिकच्या मीनलताई बोलल्या. पांढरे केस, हळू आवाज. "तुमच्या कपाटात जे होतं ते तुम्ही त्यांना दिलंत. आजारी पडण्याआधी सकाळी उठून ते पहिलं काय करायचे?"
वहीत लिहून घेतलं: राजम्माला विचारायचं.

२९ जाने.
राजम्माला विचारलं. ती हसतच सुटली. "कबुतरं की! मला चा नंतर, आदी त्यास्नी दाणे. गच्चीवर उभं राहून असली शीळ घालायचे, सगळी गल्ली जागी." दुखणं आल्यावर मुलाने पाखरं मामांच्या शेजारच्या दोस्ताला देऊन टाकली.
मामा ऐकत होते. तोंड फिरवलं. पण भिंतीकडे नाही, खिडकीकडे.

३ फेब्रु.
मीनलताईंना फोन. त्यांनी कितीतरी वेळ दिला. मामांनाच विचारा म्हणाल्या, काय करायचंय.
विचारलं. खिडकीकडे बघितलं. मग तुटक, "वर. गच्ची."
म्हणजे जिना: पाय. दाणे टाकणं: डावा हात. शीळ: ओठ. सगळं त्यातच आलं की! मला हे कधी असं दिसलंच नव्हतं.
पाटील सरांना सांगितलं. हसतील वाटलं. "व्हय? मग जिन्याचं मी बघतो," म्हणाले.

१४ फेब्रु.
केंद्रात कबुतरं आणायची नाहीत, डॉक्टरांचा हुकूम. बरोबरच आहे. ताटात ज्वारी घेऊन बसतो. मूठ मिटते, उघडत नाही. मामांनी डाव्या हाताला तेलुगूत सणसणीत शिवी हासडली. राजम्मा पदरात तोंड लपवून हसली, अर्थ काही सांगितला नाही.
शिळेची नुसती फुंकर होते.
पण "वद्दु" नाही. आज एकदाही नाही.

२ मार्च
शबाना म्हणाली, तुमच्या मॅडमशी संघटनेतून आम्ही कुणी बोलू का? मीनलताई म्हणाल्या, "नको. तीच सांगेल. आधी आमच्यासमोर बोलून बघू दे." मग दोघींनी मला किती टोकलं! हे गाळ, ते आधी घे, 'फक्त खेळ' हा शब्द तोंडातून काढून टाक.

६ मार्च
मोठ्या मॅडमसमोर बोलले. अडले नाही. कुठल्या पेशंटला काय करायचंय, त्यासाठी मी काय करते, काय बदललं. मॅडमनी दोनदा चष्मा काढला. खोलीचं काहीच बोलल्या नाहीत. दाराशी गेल्यावर मात्र म्हणाल्या, "उद्यापासून सकाळच्या राउंडला तुम्हीही या."

२१ मार्च
मामांच्या घरी. जिना अरुंद, अंधारा. पाटील सर मागे, मी पुढे. मध्ये मामा थांबले, घाम पुसला. वाटलं, आता खाली. "चला," तेच म्हणाले.
गच्चीवर ऊन. शेजारच्या दोस्ताने आपल्या गच्चीवरचं खुराडं उघडलं. पाखरं डोक्यावरून एक गिरकी घेऊन गेली. मामांनी डावा हात कठड्यावर टेकवला, मूठ उघडली. ज्वारी सांडली. थोडी चपलांवर, बरीचशी गच्चीवर.
मग ओठ आवळले. शीळ आली की हवाच, यावर पाटील सर आणि मी परतताना रिक्षात भांडलो.
कबुतरं शेजारच्या गच्चीवर उतरली. तिथूनच माना वाकड्या करून बघत राहिली. खोलीचं अजून कळलेलं नाही. कुर्डुवाडीला काही कळवलेलं नाही.
"चला मामा, खाली," म्हटलं. तयार होईनात. शेवटी राजम्मा चहा वरच घेऊन आली.