जावयाला समुद्राचं वाण

पूर्णगड,
अधिक ज्येष्ठ, मे १९८८

सोनूबाईंच्या समस्त जावयांनो! (म्हणजे आप्पा, तुम्ही. दुसरा मीच, आणि मी इथे सापडलेला आहे.)

थोरले साडू आप्पा यांस धाकट्या साडूचा सादर नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? ताईंचा दमा? चिपळूणच्या उकाड्यात दोघंही सुखरूप असाल अशी आशा करतो. या घरची मुलगी केलेल्यांना आशेवरच राहावं लागतं. आपलं दुःख एकच आहे, आप्पा. इथे जावयाला कोणी काही विचारत नाही, त्याचा नुसता मान करतात, आणि नको म्हटलं की तो त्यांचा अपमान होतो. येत्या रविवारी असाच मान म्हणून मला दुसऱ्यांदा समुद्राच्या तळाला धाडायचं ठरलं आहे. पहिल्यांदा काय झालं ते वाचा आणि मग सांगा, हा मान की शिक्षा.

आपला मेहुणा दत्ताराम आखातात पाण्याखाली तेलाच्या पाइपांची कामं करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचे लोक सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणतात. याने हवेच्या टाक्या, रबरी पोशाख, काचेचा मुखवटा आणि बदकाच्या पायांसारखे जोडे आणले. (टाक्या मुंबईत भरून घेतल्या. एसटीच्या टपावर त्या पाहून कंडक्टरने दोनदा विचारलं, गॅस मिळायला लागला का?) त्यात हा अधिक महिना. सासूबाईंनी माझ्या वाणाला अनारसे आणि धोतरजोडी काढली, तर हा म्हणाला, "धोतर काय द्येतेस, आये? भावजींना समुद्र देऊया."

मी हरकत घेणार, तोच त्याने माझंच भाषण माझ्यासमोर ठेवलं. रत्नागिरीच्या सभेत मी गरजलो होतो, की किनाऱ्यावर उभं राहून समुद्राच्या गप्पा मारणारा समाज भेकड असतो. टाळ्या थांबत नव्हत्या. त्याच्या बायकोने, राहीने, त्याची कॅसेट भरून आखातात पाठवली होती, आणि तो वेडा रोज जेवताना ती ऐकत होता. आजवर हजारो लोकांनी माझी भाषणं ऐकली, आप्पा. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

शिकवणी परसातल्या विहिरीत झाली. मी तळाशी बुडबुडे काढतोय आणि वर बायका कळश्या घेऊन खोळंबलेल्या. एकीने सासूबाईंना विचारलेलं मी वर आल्या आल्या ऐकलं: "जावय भिजले काय गो? पानी भरायचा हाय."

मग किनारा दिसेनासा होईपर्यंत होडी आत नेली. तिथे पाण्याखाली एक खडक आहे आणि त्याच्यावरून पाण्याची अशी ओढ असते, की दोन्ही हातांनी खडक धरला तर माणूस काठीवरच्या झेंड्यासारखा आडवा फडफडतो. मी फडफडलो. आणि समोर मुशी, म्हणजे चक्क शार्क! बाजारात टोपलीत पाहतो त्या वीतभर नव्हेत. माझ्याएवढ्या, एकामागे एक, त्याच ओढीत शेपूटही न हलवता स्थिर. त्यांनी माझ्याकडे आभारप्रदर्शनाला कंटाळलेल्या अध्यक्षासारखं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूत मी दोन तास बिनमाईकचा बोललो आहे, पण इथे दातांत रबर! मरणावर मी इतकं वाचलंय, त्यातला एक शब्द उच्चारायची सोय नाही. तेवढ्यात एक चपटी पाकट मासळी डोक्यावरून गेली, अंगणात वाळत टाकलेल्या चटईएवढी, कडा हलकेच वरखाली करत. वरचा उजेड झाकला आणि पुन्हा उघडला. खरं सांगतो, त्या क्षणी मी भीती विसरलो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला? इतका एकटा मी कधीच नव्हतो.

आणि हात सुटले.

कमरेला दोर होता. तो वर होडीवाल्या बाबूच्या हातात. ठरलं असं होतं, की मी ओढला की त्याने वर घ्यायचं. मी ओढला. दोर सैल झाला. पुन्हा ओढला, आणखी सैल. जितका जीव खाऊन ओढावं, तितका मी लांब चाललो! शेवटी दत्तारामाने येऊन पट्ट्याला धरलं आणि थांबत थांबत वर आणलं. बाबूचा जन्म गळ टाकण्यात गेला. तो शांतपणे म्हणाला, "हाताला मोठा लागला की ढील द्यायची, भावजी. दमला की आपसूक येतो." आणि वर कौतुक: "पन लय झुंजलाव. सुरमय पन येवडी नाय झुंजत."

घरी आलो तर सासूबाईंनी माझ्या मागे पाहिलं, मग हातांकडे. "मुशींच्यात गेलाव नि येक पन नाय आनलाव? राही अंगावर पाजतेय. मुशीच्या कालवनाने दूध येतं, ह्या काय तुमच्या पुस्तकात नाय?" वाण अर्धंच लागलं, असा निकाल झाला. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधी रविवार तेवढा उरला आहे. मी ओसरीवर उभा राहून व्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो. "बोला, मी ऐकतेय," म्हणून त्या नारळ खवायला बसल्या. नारळ संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हनत व्हतात?"

आप्पा, एकटा जावई म्हणजे कोणी नव्हे. दोघांनी एका ओसरीवर उभं राहून 'नाही' म्हणायला हवं. तुम्ही या.

आपला,
रावजी

ता. क. कमरेला खारं पाणी फार चांगलं, असं दत्ताराम म्हणतो.

ता. क. थोरला जावई असताना धाकट्याला आधी वाण दिलं, ही केवढी चूक, हे मला बोलता बोलता सासूबाईंच्या लक्षात आणून द्यावं लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. रविवारचा मान आता तुमचा आहे. पोशाख तुमच्या पोटाच्या अंदाजाने सैल केला आहे. वाशिष्ठी पुरात दर दोन-चार वर्षांनी तुमच्या माजघरात येते. पाण्याची तुम्हाला सवय, मला कुठली?

ता. क. दोराची काळजी करू नका. बाबूला काढला आहे, दोर मी धरणार. (होडीत मंडळी जमतील, त्यांच्यापुढे मला दोन शब्द बोलायचे आहेत. ते झाले की लगेच ओढतो.) शनिवारची एसटी चुकवू नका.