भाऊजी, पुढचंही वाचा

चंद्रपूर
२० जुलै १९८८

आईंना सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. धानाची रोवणी आटोपली काय? विशाखाला पावसात बांधीतल्या चिखलात उतरू देऊ नका, तिची छाती लवकर भरते. हे पत्र श्रीहरी भाऊजी वाचून दाखवत असतील, त्यांनाही जय भीम.

विशाखाचे बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर मला लावलं, तेव्हा टपाल फोडायचं काम होतं. आता ऑफिसात कॉम्प्युटर आला आहे आणि तो आम्हाला शिकवतात. सुरुवातीला मी त्याला लिहून दिलं, मार्क पस्तीस किंवा जास्त असतील तर 'पास' छाप. खालच्या ओळीत 'नापास'. साठ मार्क दिले, तर त्यानं पास आणि नापास दोन्ही छापलं! सारे हसले. शिकवणारे देवाजी सर म्हणाले, "बाई, 'तर' सांगतलं, 'नाही तर' कोण सांगन? तुमच्या मनातलं त्याले कसं कळन?"

मग 'एल्स', म्हणजे 'नाही तर', घालून दोन्ही वाटा सांगितल्या, तेव्हा बरोबर आलं. सगळे जेवायला गेले. मी तिथंच बसून राहिले.

आई, उन्हाळ्यात तुम्ही म्हणाल्या, "अंजना, श्रीहरीशी लगन लाव. घरातली लेक घरात राहीन." मी गप्प राहिले. तुम्ही ते 'हो' समजल्या.

भाऊजी, इथं थांबू नका, पुढचंही वाचा. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. तुमच्यात काही खोट नाही. दवाखान्यात विशाखाच्या बाबांच्या उशाशी रात्रंदिवस तुम्हीच बसले. पण मी तुम्हाला धाकटा भाऊ मानत आले. त्या दिवशी तुम्हीही मान वर केली नव्हती.

शनिवारी कॉम्प्युटरच्या परीक्षेचा निकाल लागला. मी पास झाले, नोकरी पक्की झाली. शाळेजवळ खोली घेतली आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं विशाखाला न्यायला येते.

तुमचा एक मुलगा गेला. नात तरी डोळ्यांपुढे राहावी, असं तुम्हाला वाटते, म्हणूनच हे पत्र लिहवत नव्हतं. आई, तुम्हीही आमच्यासोबत चला. ती तुमच्या कुशीशिवाय झोपत नाही, आणि मलाही संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरवत नाही.

तुम्ही रागावल्या असाल, दारात माझ्याशी बोलणार नाही. तरी मी आत येईन आणि चहा मांडीन.

तुम्ही नको म्हटलं तरी तुमचीच सून,
अंजना