पैकीच्या पैकी

प्रिय थोरली,

“उठवू नकोस तिला. ती झोपेत असतानाच नीघ. उठली की मी बघते.” साडेपाच वर्षांपूर्वीचं हे तुझं वाक्य. खाली टॅक्सी हॉर्न देत होती, तुझे दीर, म्हणजे आमचे हे, बॅगा घेऊन जिन्यात उभे होते आणि माझी अडीच वर्षांची पोर तुझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तिच्या एका पायात मोजा होता. दुसरा शोधत मी पलंगाखाली वाकले होते, तेव्हा तू हे म्हणालीस. मला ते पटलं. आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन मी जिना उतरले, एखाद्या चोरासारखी. तू मात्र शब्दाला जागलीस. इतकं बघितलंस की मला बघायला काही उरलंच नाही.

रागावलीस तर राग. आज गोड लिहिणं मला जमायचं नाही.

तुला आठवत असेल, पंधरा वर्षं मी इमारतींचे नकाशे काढले. माझी रेघ साहेबांना कधी पुसावी लागली नाही. पण तो परदेशी पाठवणारा सल्लागार हसून म्हणाला होता, “ताई, नकाशे काढणारे तिथे पायलीचे पन्नास. मुलं सांभाळायला माणूस मिळत नाही. दीड वर्ष शिका, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, ठेवलेलाच!” म्हणून मी नोकरीवर पाणी सोडलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर विशीतल्या पोरींबरोबर बाकावर बसून दुसऱ्यांची मुलं सांभाळायला शिकले. त्यासाठी स्वतःचं मूल तुझ्याकडे ठेवलं. हे वाक्य कसंही फिरवून लिहिलं तरी असंच वाचलं जातं, मी बरेचदा करून पाहिलंय.

दीड वर्षाची अडीच झाली. मग भाषेची परीक्षा दोनदा, मग नियम बदलले म्हणून आणखी दोन वर्षं नोकरीचा अनुभव, मग अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून. प्रत्येक वेळी मी फोनवर “आता थोडंच राहिलं” म्हणायचे आणि तू “हो गं, आम्ही कुठे पळून चाललोय” म्हणायचीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच परीक्षेत प्रश्न आला होता : मूल रडेल या भीतीने पालक न सांगता निघून जातात, त्याचे मुलावर होणारे परिणाम लिहा. मी दोन पानं लिहिली. मूल उठल्यावर आधी दार बघतं, मग खोल्या बघतं. मग काही दिवस झोपायलाच घाबरतं, कारण झोपलं की माणसं जातात हे त्याला कळलेलं असतं. आणि एक दिवस ते शोधायचं थांबतं. मोठ्यांना वाटतं, चला, रुळलं. आमच्या बाईंनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. पैकीच्या पैकी गुण. वर मला विचारलं, इतकं आतलं तुला कसं सुचलं? मी म्हटलं, पुस्तकात होतं.

त्या दिवसांत मी रोज तुला विचारायचे, रात्री झोपते ना ती नीट? तू म्हणायचीस, “झोपते की, ढाराढूर!” खरं होतं का ते? की मला बरं वाटावं म्हणून सांगायचीस? आता खरं सांगून उपयोग नाही, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे.

पाळणाघरात माझ्याकडे दीड ते अडीच वर्षांची दहा मुलं असतात. कुणी किती खाल्लं, किती झोपलं, कुणी स्वतःचा बूट स्वतः घातला, हे आम्ही रोज लिहून आईबापांना देतो. मागच्या महिन्यात एक पोरगी तिची आई न्यायला आलेली असताना माझ्या गळ्याला मिठी मारून मला तिच्या भाषेत आई म्हणाली. तिच्या आईचा चेहरा बघवेना. मला शिकवलेलं वाक्य मी बोलले : काळजी करू नका, मुलाला इथे सुरक्षित वाटतंय याची ही खूण आहे. त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तुझ्याकडे पाच वर्षं बघत आले आहे.

तुझ्या दोन्ही पोरांचं ऐकून ती तुला आई म्हणायला लागली, यात तुझा दोष नाही. मी फोनवाली आई. फोनवरून आई होणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय? गेल्या रविवारी मी तिला सांगितलं, पीआर आला, तुझाही आला, आता तू माझ्याकडे यायचं. ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “नको. त्यापेक्षा तुम्हीच या ना राहायला, पाहुण्यांची खोली रिकामीच आहे.” मागे तू हसलीस. पोरीच्या बोलण्याला हसलीस, मला कळतं. तरी ते हसू अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

तुझे दीर म्हणतात, राहू दे तिला तिथेच, सुखात आहे. गोदामात दिवसभर खोकी उचलून आलेल्या माणसाशी मी भांडत नाही. पण ती आली नाही तर हे सगळं मी कुणासाठी केलं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. परत यावं म्हटलं तर कोणत्या तोंडाने? माझ्या टेबलावर आता दुसरी कुणी बसते आणि माझी बोटं रेघ विसरलीत.

आता मुद्द्याचं. तिने अकरा आठवड्यांच्या आत इथे पाऊल ठेवलं नाही, तर तिचा परवाना जाईल, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला दहा दिवसांची रजा मिळाली आहे, न्यायला मी येतेय. कायद्याने ती माझी आहे, उचलून आणता येईल. पण मला तिला ओढत आणायचं नाही, आणि माझ्या सांगण्यावरून ती येणार नाही. ती फक्त तुझं ऐकते. म्हणून मी येण्याआधी तू तिला सांग, की आता तुझ्याच्याने होत नाही. सांग की पोरांचा अभ्यास वाढलाय, घरात जागा नाही, तू तुझ्या आईकडे जा. प्रेमाने समजावू नकोस, प्रेमाने सांगितलंस तर ती तुला आणखी चिकटेल. कोरडं सांग. ती रडेल, तुझ्यावर रुसेल, कदाचित मोठी होईपर्यंत रुसेल, पण येईल. तू हे करणार नाहीस, कोणतीच आई करणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मागते. एकदा तिच्यासमोर वाईट हो, माझ्यासाठी.

तुझीच,
धाकटी