सुई घेतलेल्या दोघी

माय, तुझ्या मांजरीची गोष्ट मी आता कोणाला सांगत नाही. चांद्याकडच्या मूलसारख्या लहान गावात, त्या काळी, मांजरीला साखरेचा रोग, असं म्हटलं की लोक मला तांदळाच्या धंद्यात मुरलेला थापाड्या समजतात. तुला काय सांगायचं? तो रोग तूच तर ओळखलास. ती मुतायची त्या कोपऱ्यात मुंग्या लागल्या, आणि ती दिवसभर रांजणाखालचं झिरपलेलं पाणी चाटत बसायला लागली, तेव्हा कमरेवर हात ठेवून तू म्हणालीस, "हिले माझाच रोग झाला." गुरांच्या डॉक्टरने अशी मांजर कधी पाहिली नव्हती. तरी त्याने भीतभीत तुझ्याच औषधातला थेंबभर द्यायला सांगितलं आणि बजावलं, की सुई दिली की लगेच खायला द्या, नाहीतर रोगाच्या आधी औषधच मारील. औषधाची बाटली चांद्याहून यायची आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत राहायची. पिचकारी उकळून आधी तू स्वतःला टोचून घ्यायचीस, मग तिची वेगळी सुई लावून तिला मांडीवर घ्यायचीस. ती हूं की चूं करत नसे. मग तुझी भाकर आणि तिची मासोळी, एकाच पाटाजवळ.

आणि ती मंडई. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि ज्या गावची मंडई तिथल्या घराघरांत पाहुण्यांचा पूर. त्या वर्षी मी पोती वाहणं सोडून लहानशी गिरणी चालवायला घेतली होती, त्यामुळे पूर्वी कधी न फिरकलेल्यांनाही आपलं नातं आठवलं. तू दारातच एकेकाला सांगत होतीस, मांजरीले गोड देऊ नका. लोक हसत होते. एकाने विचारलंच, काऊन वहिनी, मांजरीलेबी श्रीमंतीचा रोग लागला का? तरी दोघातिघांच्या मुठीत करंजीचे तुकडे तुला दिसले, तेव्हा तू तिला धानाच्या खोलीत कोंडलंस. सुई तोवर देऊन झाली होती, तुझीही आणि तिचीही. मासोळी चुलीवरून उतरतच होती.

तेवढ्यात धानोऱ्याची आत्या स्वयंपाकघरात येऊन बसली. थोरली नणंद, तिच्यापुढे तू कधी मान वर केली नव्हतीस. पाहुणे उठल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. तू मांजरीची वाटी भरायला घेतलीस तर आत्या म्हणाली, "पाहुण्यांच्या आधी घरच्या मांजरीले वाढून राह्यली का?" तू वाटी खाली ठेवलीस. तुझी भाकरही झाकलीस, ते मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पंगतीमागून पंगत बसते आहे, मी वाढतो आहे. माझे कान तुला ठाऊक आहेत. गिरणीचा पट्टा सैल झाला तर शेजारी उभ्या माणसाआधी मला कळायचं. त्या गलक्यात मला धानाच्या खोलीतून पोत्यावर नखं घासल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. दार उघडलं तर ती आडवी पडलेली, पाय ताठ, अंगाला झटके, डोळे उघडे पण त्यांना काही दिसत नव्हतं. मी तुला हाक मारली. तू भिंत धरत धरत आलीस, घामाने निथळत. मला वाटलं चुलीची धग असेल.

"गूळ आण," तू म्हणालीस.

सकाळपासून जे तू साऱ्या गावाला नाही म्हणत होतीस, तेच. पाण्यात कालवलेला गूळ तू बोटाने तिच्या हिरड्यांना चोळत राहिलीस, आणि दुसऱ्या हाताने उरलेला खडा स्वतःच्या तोंडात टाकलास. तेव्हा कुठे मला तुझा घाम कळला. आधी तिचा कान हलला. मग जीभ बाहेर आली, बोट चाटायला लागली. मग मान उचलून तिने आपल्याकडे पाहिलं, झोप मोडल्यासारखं, जरा रागानेच. बंद पडलेली इंजिनं मी पुढे पुष्कळ सुरू केली, माय, पण जाणारा जीव बोटभर गुळावर माघारी फिरताना पुन्हा पाहिला नाही.

पण त्याहून मोठं पुढेच होतं. तू तिला कडेवर घेतलंस, थेट पुरुषांच्या पंगतीत रिकाम्या पाटावर जाऊन बसलीस आणि सुनेला, माझ्या बायकोला, म्हणालीस, वाढ. आत्या दारात आली. वहिनी, हे काय करून राह्यली, असं काहीतरी म्हणाली. तू वर पाहिलंस.

"आमी दोघीनं सुई घेतली आहे, बाई. आमच्यानं थांबवत नाई. तुमीबी बसा."

आणि जेवायला लागलीस. शेजारी पळसाच्या पानावर तिची मासोळी. पंगतीत कोणाचा हात हलेना. मग कडेच्या एका म्हाताऱ्याने तुला ऐसपैस बसता यावं म्हणून आपली पत्रावळ जराशी सरकवली. थोड्या वेळाने आत्याच वरणाचं भांडं घेऊन तुझ्यापुढे वाकली.

पुढे मी मोठमोठ्या लोकांच्या पंगतीत बसलो. तुझ्यासारखं कोणी बसलेलं पाहिलं नाही. हा कागद तुला पोचावा म्हणून कुठल्या पेटीत टाकायचा, मला माहीत नाही. घडी घालून ठेवतो. एवढंच सांगतो, की आता मीही सुई घेतो. उद्या घरी पाहुणे आहेत. मी सकाळीच स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्या उभ्या, कोणाला दिसणार नाही असं खाऊन घेणार आहे.