बांधावरचा धोंडा उचलल्याबाबत

मु. पो. हिर्डोशी, ता. भोर
होळीनंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव चिमाजी यास थोरला भाऊ गेनबा याचा आशीर्वाद. (आशीर्वाद थोरल्याने धाकट्याला द्यायचाच असतो म्हणून दिला आहे. त्यातून दुसरा कुठलाही अर्थ काढू नये.) इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली मी विचारत नाही, कारण ती मला माहीत आहे. आईचा मोबाईल सदा स्पीकरवर असतो, मी ओटीवर असतो आणि देवाने माणसाच्या कानांना झाकणं दिलेली नाहीत. त्यामुळे जिना चढताना तुझा उजवा गुडघा वाजतो, आईच्या धाकट्या सुनेची, सुलक्षणाची, साखर वाढली आहे आणि तरी ती चहात दोन चमचे घालते, हे सगळं मला कळतं. गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांध. हे मी आईच्या वतीने लिहितो आहे.

तू म्हणशील, नऊ वर्षांनी गेनबाला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली. तुझी वहिनी मंगलसुद्धा हेच म्हणाली. "आवो, फोन लावा की सरळ, पत्रं कोन लिवतं आता?" तर त्याचं असं आहे, की आपण दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. लिहायचं नाही असं कुठेही ठरलेलं नाही. सत्तावीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होतो. ठरावात काय आहे आणि काय नाही, हे मला चांगलं कळतं.

मुद्द्यावर येण्याआधी तुला ट्रॅक्टर समजायला हवा. तू पुण्याला गेलास तेव्हा आपल्याकडे बैलजोडी होती. आता चोवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आहे, कारण आपल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत मोठा वळत नाही. गेल्या दिवाळीला मी भोरच्या हनुमंत वेल्डरकडून त्याच्या तोंडाला पंजा बसवून घेतला. खाली लोखंडी दात, वर जबडा, मध्ये सापडेल ते तेलाच्या दाबाने आवळायचं आणि उचलायचं. हनुमंताने तसा पंजा पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनात बघितला होता आणि त्याचं इंग्रजी नावही त्याने मला दोनदा सांगितलं. मी पंजाच म्हणतो. आई खेकडा म्हणते, आणि गावाने आईचं ऐकलं. सावळाराम (हाच तो, ज्याला तू तुझं खाचर वाट्याने कसायला दिलं आहेस, आणि जो तुझ्या खाचरात भात कमी आणि गप्पा जास्त पेरतो) पहिल्या दिवशी मला भर चावडीवर म्हणाला, "गेनबा, ट्रॅक्टरला दात आलं व्हय रं? मऊ भात घाल त्याला."

त्याला मी तोंडाने उत्तर दिलं नाही. गोठ्यामागे वीस वर्षं माजलेली घाणेरी तुला आठवत असेल. आबांची वहाण तिच्यात गेली ती गेलीच, असं आपण म्हणायचो. खेकड्याने ती बुंध्याशी धरली, मी ट्रॅक्टर मागे घेतला आणि झुडूप मुळासकट बाहेर आलं. तीन दिवसांत सगळा मागचा परडा मोकळा झाला. (वहाणही सापडली. एकच. आईने ती धुऊन ठेवली आहे.) मग माघात वाऱ्याने ऐनाचं झाड पाणंदीत आडवं पडलं आणि वरच्या आळीचं दूध बायका डोक्यावरून आणू लागल्या. बाहेरून मोठं मशीन बोलावलं, ते पाणंदीच्या तोंडाशी आलं, दोन्हीकडचे बांध बघितले आणि चहा पिऊन परत गेलं. माझा खेकडा आत शिरला. फांद्या एकीकडे, खोड दुसरीकडे, दुपारच्या जेवणाला रस्ता मोकळा. सावळाराम स्वतः कोयता घेऊन फांद्या तोडायला हजर होता, आणि दातांबद्दल एक अक्षर बोलला नाही.

यश माणसाच्या डोक्यात जातं, माझ्याही गेलं. मंगलने उकिरडा उचलायला सांगितला, तो मी पहिल्याच घासात अर्धा उचलला, आणि त्यात अंड्यांवर बसलेली तिची तांबडी कोंबडी होती. कोंबडी, अंडी आणि खत, सगळं एकदम पाच फूट वर. मंगल खालून जे काही बोलली ते मी आईच्या घरात बसून लिहू शकत नाही. मी श्वास रोखून ती मिरवणूक खाली उतरवली. एक अंडं फुटलं नाही. कोंबडी तर उठलीसुद्धा नाही. त्यातून नऊ पिल्लं निघाली, आणि गावात एकाच्याही कोंबडीची पिल्लं जन्माआधी ट्रॅक्टरवर बसलेली नाहीत.

या पिल्लांचं कौतुक ओटीवर चाललं होतं तेव्हा आई मधेच म्हणाली, "खेकड्यानं समद्या गावाचं उचाललं. आता घरातलं उचल की."

तिला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं असेल. मला कळलं नाही असं मी दाखवलं, पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे ते फार वेळ जमत नाही.

सदरहू धोंडा. वाटणी झाली तेव्हा तो बांधाला चिकटून तिथेच होता आणि आबा असेपर्यंत त्याच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. जगात भाऊ भाऊ बांधावरून भांडतात ते हद्द आपल्याकडे ओढण्यासाठी. आपण दोघे एकाच आईची लेकरं, आणि आपण हद्द एकमेकांकडे ढकलत भांडलो. मी म्हणायचो धोंडा तुझ्या खाचरात आहे, तू काढ. तू म्हणायचास माझ्या, मी काढावा. दोन वर्षं तू त्याला वळसा घालून नांगर मारलास, मीही मारला. मग त्या आषाढात, लावणीच्या ऐन घाईत, गुडघाभर चिखलात उभा राहून तू म्हणालास की धोंडा हितून हलत नाही तोवर मी या गावात पाय ठेवणार नाही. मी म्हणालो, तू तो हलवत नाहीस तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही. मधे आई रोपांची मूठ हातात घेऊन उभी होती. तिला कुणीच काही विचारलं नाही. ते मला आजही खुपतं.

असो. गेल्या सोमवारी सकाळी मी बांधावर गेलो. धोंडा बसल्या म्हशीएवढा. (अशी माझी तेव्हाची समजूत.) पंज्याचे दात खाली घातले, बाजूची माती उकरली, जबडा आवळला आणि उचलायचा दांडा ओढला. धोंडा उठायच्या ऐवजी ट्रॅक्टरच मागून उठला. मागची दोन्ही चाकं हवेत, मी सीटवर, नाक खाली. सावळारामने बांधावरून विचारलं, "गेनबा, सूर मारतूस का?" मागे वजन हवं, हे हनुमंताने बजावलं होतं आणि मी विसरलो होतो. पलटी नांगर जोडून मागे उचलून धरला, तरी शेपूट हलकंच. घरात भरलेलं पोतं एकच होतं, आई दर सुगीला तुझ्या नावाने आंबेमोहोराचं बाजूला काढते ते. (तू नेत नाहीस. पावसाळ्याच्या तोंडाला ते आम्हीच फोडतो आणि सुगीला ती पुन्हा भरते.) आईनेच ते बाहेर काढून दिलं. नांगरावर आवळून बांधलं आणि चाकं जमिनीवर बसली. दांडा ओढला, आणि चिमाजी, धोंडा उठला! नऊ वर्षं जो हलला नाही तो माझ्या डोळ्यांदेखत मातीतून निघाला, खाली गांडुळं वळवळत होती, आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की वरच्या आळीची कुत्री भुंकायला लागली.

मग लक्षात आलं, की उचललेला धोंडा ठेवायचाही असतो. माझ्या जमिनीत ठेवला तर तो माझा होता असं तू म्हणणार. तुझ्या जमिनीत ठेवला तर आई मला जेवायला वाढणार नाही. म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून, पहिल्या गिअरमध्ये, मी तो गावात नेला. पुढे काठी टेकत आई, मागे सावळाराम, त्याच्या मागे कामं टाकून आलेलं अर्धं गाव. धोंडा कुणालाच नको होता. शाळेचे गुरुजी म्हणाले, पोरं चढतील आणि पडतील. देवळाच्या पारावरचे म्हातारे म्हणाले, इथं ठेवलास तर आठ दिवसांत कुणीतरी शेंदूर लावील, मग तो जन्मात हलायचा नाही. असं करत आम्ही थेट घाटरस्त्याला, एसटीच्या थांब्याशी आलो. तिथल्या जांभळाच्या फांदीत पंज्याची तेलाची नळी अडकली आणि तिचं टोक निसटलं. जबडा मिटलेला तो मिटलेलाच. धोंडा काही सुटेना. सावळाराम नळी पुन्हा बसवायला गेला, ती बसेना. एवढ्यात भोरहून एसटी आली, आणि अर्धा रस्ता माझ्या ट्रॅक्टरने अडवलेला.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कंडक्टर उतरला, प्रवासी उतरले, आणि उतरलेल्या प्रत्येकाला नळी कशी बसवायची ते ठाऊक होतं. त्या गलक्यात आई माझ्याजवळ येऊन ओरडली, "आदी त्ये धडधडनं बंद कर, मला काय बी ऐकू येईना!" मी इंजिन बंद केलं आणि त्याच क्षणी हनुमंताचं दुसरं वाक्य आठवलं. इंजिन बंद कर, दांडा चार वेळा मागेपुढे हलव, नळीतला दाब उतरला की टोक आपोआप बसतं. बसलं! पुन्हा इंजिन चालू केलं, पंजा जमिनीला टेकवला, जबडा उघडला आणि धोंडा जांभळाखाली हळूच गडगडून सपाट बाजू वर करून थांबला.

आईने विचारलं, "ही जागा कुनाची?"

सावळाराम म्हणाला, "सरकारची, म्हातारे. रस्त्याची हाय."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच," असं म्हणून तिने पदराने धोंडा पुसला आणि त्यावर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने जाताना भोंगा पुन्हा दोनदा वाजवला, या वेळी कौतुकाने. त्या थांब्याला आजवर बाकडं नव्हतं, माणसं जांभळाच्या मुळीवर टेकायची. आता सगळं गाव तिथे बसून एसटीची वाट बघतं आणि गेनबाचं नाव घेतं. सावळारामने तर चावडीवर सांगितलं की पंजा घ्यायचा सल्ला मला त्यानेच दिला होता.

तेव्हा कळवायचं एवढंच, की मी जिंकलो. गावात पाय न ठेवण्याची तुझी शपथ आता सुटली, कारण धोंडा हलला. माझी मात्र चालू आहे, कारण तो तू हलवलेला नाहीस. तरी तुझ्या नावाचं पोतं मागे होतं, त्यामुळे या मुद्द्यावर माझा विचार चालू आहे. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

सुलक्षणाला आशीर्वाद, आणि चहात एकच चमचा.

तुझा थोरला भाऊ,
गेनबा (दस्तुरखुद्द)

ता. क. – वर बसल्या म्हशीएवढा लिहिलं आहे, ते मंगलने वाचून खोडायला सांगितलं. मातीतून पूर्ण बाहेर आल्यावर तो फार तर पारडाएवढा निघाला. अडीच हात लांब. चार माणसं आणि दोन पहारी घेतल्या असत्या तर एका सकाळीत निघाला असता. तुलाही हे तेव्हा माहीत होतं आणि मलाही.

ता. क. दुसरा – हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आई पत्र वाचून घेणार आहे. धोंड्याभोवती उकरताना तुझ्या बाजूला कोळसे लागले. वाटणीच्या वेळी आबांनी हद्दीला खूण म्हणून पुरलेले, तेच. ते धोंड्याच्या पलीकडे दोन हातांवर निघाले. म्हणजे धोंडा पुरता माझ्या हद्दीत होता. सावळारामने बघितले आहेत, म्हणून लपवता येत नाही. चूक माझी होती. नऊ वर्षं माझी होती.

ता. क. तिसरा – पंजा करायला टाकला तेव्हा हनुमंताने विचारलं होतं, जबडा किती उघडायला हवा. मी घाणेरीसाठी म्हणून सांगितलं. पण माप द्यायच्या आधी बांधावर जाऊन दोरीने धोंड्याची रुंदी घेऊन आलो होतो. ती दोरी अजून माझ्या पेटीत आहे.

ता. क. शेवटचा – आई रोज पाचच्या एसटीच्या वेळेला थांब्यावर जाऊन धोंड्यावर बसते. कुणाची वाट बघतेस विचारलं, तर म्हणते, "कुनाची न्हाई, हितं वारं बरं लागतंय." एसटी निघून गेली की उठून घरी येते. काल मी तिच्या शेजारी बसून बघितलं. दोघं आरामात बसतात. रविवारी आलास तर तिसऱ्याला जरा अडचण होईल, पण त्याची काळजी तू करू नकोस. मी सरकेन.